मयतीच्या घरी चौकशी करणारे डॉक्टर

मयत झालेल्या घरी माणसं येतात, चार शब्द बोलतात, उठतात. आमचे दिगंबर डॉक्टर ओसरीवर बसकण मारून विचारायचे, "आधी बेंबीपाशी दुखलं, का उजव्या कुशीत? मधे दुखायचं थांबलं होतं?" अहो, घरात चूल पेटलेली नाही, आणि ह्या माणसाला बेंबी सुचते!

निजामाच्या काळात ते हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात होते आणि आमचं घर दवाखान्याला लागूनच. पोटदुखीनं कुणी गेलं की डॉक्टर तिथे हजर. तांबटाची सून गेली तेव्हा मी बायकांत बसले होते. सासू रडत म्हणाली, "सकाळी आराम पडला व्हता हो, भाकर मागितली पोरीनं." तर डॉक्टर पुढे सरकून म्हणतात, "मागितली कधी, खाल्ली किती?" हाताला धरून बाहेर काढावं असं वाटलं मला. नंतर सुनावलंसुद्धा, "लोक शिव्या देतात तुम्हाला." म्हणाले, "देऊ द्या. मेल्यावर पोट उघडून बघू देत नाहीत, मग विचारू तरी द्या."

पुढे आमच्या भानुदासाचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचंच पोट दुखायला लागलं. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे एरंडेल पाजलं. उतार पडेना म्हणून पुन्हा पाजलं. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आतड्याला सूज आहे, कापावं लागेल. एरंडेल दिलंत का? त्यानं फुटतं ते."

"न्हाई बा," आत्याबाई म्हणाल्या. अंगाला तेलाचा वास येत होता पोराच्या!

कापायला त्या तयार होईनात. सकाळी भानुदासाचं दुखणं एकदम थांबलं. आत्याबाईंनी त्याला डॉक्टरांपासून लांब, शेतावर न्यायला लगेच गाडी जुंपायला लावली. डॉक्टर धावत आले आणि बैलाची वेसण धरून उभे राहिले.

"सोडा डाक्टरसाब, आराम पडला त्याला. काहून आडवे येऊन राहिले?"

"आजी, आतलं फुटलं म्हणून थांबलं. आता पू पोटभर पसरेल."

"कुनी सांगितलं तुमाला?"

"तुमच्याच गावच्या मयतांनी."

तेवढ्यात भानुदास गाडीतून म्हणाला, "वहिनी, भूक लागली गं."

मी पुढे झाले आणि म्हणाले, "उतरवा त्याला." आत्याबाई ओरडल्या, "तू कोन सांगनार?" मी म्हणाले, "तांबटाच्या घरी मी होते, आत्याबाई. तुम्ही नव्हता." मग त्यांनीच बैल सोडायला लावले.

पोट उघडलं तेव्हा पुवाचा वास अंगणापर्यंत आला. कितीतरी दिवस पोटातल्या रबरी नळीतून घाण वाहत होती, ताप उतरत नव्हता. आजच्यासारखी औषधं कुठली तेव्हा! पण वाचलं पोरगं. आत्याबाई डॉक्टरांच्या पाया पडल्या, तर हे बाजूला होऊन म्हणतात, "पाया नंतर पडा. एरंडेल कितीदा पाजलं ते आधी सांगा."

"दोनदा," आत्याबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

मग एका घरी डॉक्टरांवर कुणी काठी उगारली. मीच म्हटलं, आता तुम्ही बाहेर थांबा, मी बायकांत जाऊन विचारते. त्यांची बदली होईपर्यंत किती घरी गेले असेन मी! मायमाउलीच्या गळ्यात पडायचं, तिच्याबरोबर रडायचं, हळूच एकेक विचारायचं. डोळे पुसत बाहेर येऊन सगळं सांगावं, तर झाडाखाली उभा हा माणूस कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "अर्धंच विचारलंत."

आणि मी चरफडत पुन्हा आत जायची.