देवीच्या गाण्यातली गिटार

त्या नवरात्रात मी देवीशी भांडले. ती ऐकते की नाही, याचीच मला शंका आली होती.

इथे आखातात, बौशरच्या आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाक करता करता मी देवीची गाणी मनाने रचून गुणगुणत असे. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. माझी लेक कॉलेजात जाते, गिटार वाजवते. ती म्हणाली, "आई, तू घरीच गा. मी रेकॉर्ड करते, नवरात्रात आपल्या मराठी मंडळात लावू." हे कळल्यावर मंडळाचा कार्यक्रम बघणाऱ्या वहिनी सगळ्यांसमोर हसल्या. "चौथी शिकलेलीचं गाणं, आणि वर गिटार! देवीचा जागर आहे की हॉटेल? शुक्रवारी दुपारपर्यंत आणा, नाहीतर नेहमीची सीडी लावू." मी मान खाली घातली, पण मनात म्हटले, आता हे गाणे वाजणारच.

माझा आवाज नीट आला, गिटार मात्र अडली. खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये असतो, गिटार त्यातून गेली की भरदार होते, असे लेकीने मला समजावले होते. तो प्रोग्रॅम उघडला की एरर येई आणि गिटार पत्र्यावर तार घासल्यासारखी वाजे. तिने तो काढून पुन्हा घातला, लॅपटॉप बंद करून चालू केला, काही होईना. शुक्रवारी सकाळी ती रडवेली झाली. "लीव्ह इट, आई. लावू दे त्यांना सीडी."

आमचे हे रुसैलला फॅक्टरीत शिफ्टला होते. मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटले, "तुझ्यासाठीच गायले ना? नको असेल तर तसे सांग. तोवर निरांजन लावणार नाही." एवढ्या जोरात मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची नफीसा रत्नागिरीची. तिचा भाऊ दूरच्या सहम गावाहून आला होता, त्याच्या हाती तिने माझा डबा परत पाठवला होता. मी त्याला कधी पाहिले नव्हते. आत लेक पुन्हा वाजवून बघत होती, ते ऐकून दारातूनच तो म्हणाला, "काय हो भाभी, गिटारला सर्दी झालीय काय?" तो लग्नांत कीबोर्ड वाजवी. आत येऊन त्याने लॅपटॉपवरची एरर वाचली आणि हसला. "लॅपटॉपला नाव मराठीत दिलंय?"

दिले होते. नव्या वस्तूवर आधी श्री लिहायचे, ही आमची रीत. लॅपटॉप आणला तेव्हा मीच हट्टाने लेकीला नावाच्या जागी श्री घालायला लावले होते. लॅपटॉपने त्याच नावाचा फोल्डर केला होता, आणि मराठी अक्षरांच्या त्या फोल्डरमधले या प्रोग्रॅमला वाचताच येत नव्हते.

"नाव पुसणार नाही," मी म्हटले.

"पुसू नका ना. मी अरबीत बिस्मिल्ला घातलं होतं. माझ्याकडेपण हेच! पुसू काय म्हणून मौलवीला विचारायला निघालो होतो, तर दोस्त बोलला, अरे येड्या, इंग्लिशमध्ये दुसरं अकाउंट खोल. जुनं तसंच राहू दे."

लेकीने तसे केले आणि प्रोग्रॅम उघडला. तेच आधी वाजवलेले सूर आता देवळातल्या घंटेसारखे घुमले. तो जुम्म्याच्या नमाजाच्या घाईत पाणीही न पिता गेला. पुन्हा कधी भेटला नाही. मग मी निरांजन लावले.

याला चमत्कार म्हणावे की नाही, मला माहीत नाही. मी जाब विचारला आणि तिने परक्या देवाचे नाव घेणाऱ्या माणसाच्या तोंडून उत्तर दिले, एवढे खरे. तिच्यापुढे वाकायचे म्हणजे सगळ्यांपुढेच वाकायचे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. मी भांडले तरी तिने ऐकले, आणि त्या दिवशी ती गाठ सोडवली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये गाणे वाजले. माझे नाव सांगायचे नाही, असे मी लेकीला बजावले होते. वहिनींनी माइकवर विचारले, "कोणी गायलंय हे?" लेकीने माझ्याकडे पाहिले. मीच उभी राहिले. "मी गायले. रचलेसुद्धा मीच."