जोडखाट

दुपारचं जेवण झालंय, पंखा दोनवर आहे आणि मी पडल्या पडल्या मनातल्या मनात भाषण करतेय. पाच वाजता आमची शांतता फेरी आहे. ‘बंधू-भगिनींनो, शांततेची सुरुवात आपल्या घरापासून होते’ इथपर्यंत जमतं. त्याच्या पुढं गेले की हेमाचं तोंड डोळ्यांसमोर येतं आणि वाक्य तिथंच फतकल मारून बसतं. डोळे जड होतात. बाहेर भंगारवाला ओरडत चाललाय. त्याचा आवाज लांब जातो, आणखी लांब जातो, आणि मग परत येऊन खिडकीशी थांबतो.

“मगदूम बाई, वही कुठाय?”

बघते तर पायाशी शिकलगार सर बसलेत. आठ महिन्यांपूर्वी वारलेले दस्तगीर शिकलगार सर. तोच बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट, तीच खिशावरची शाईची निळी टिकली. हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे आणि मी भूगोल. शाळा सुटली की ते, मी आणि स्टेशनरीच्या दुकानवाली हेमलता आवटी, असे आम्ही तिघं मिळून गावात ‘स्नेहसेतू सेवा क्लब’ चालवायचो. बावीस वर्षं चालवला. मला भीतीबिती काही वाटत नाही. राग येतो. माणूस मेल्यावर पहिल्यांदा भेटायला येतो आणि विचारतो काय, तर सभेच्या इतिवृत्ताची वही.

मी सांगते, वही हेमाकडं आहे. मग तुमच्याकडं काय आहे, असं ते विचारतात. माझ्याकडं बॅनर आहे, मी म्हणते.

“बरं. पुढं?”

हे त्यांचं जन्माचं. कुणी काहीही सांगितलं, कितीही तावातावानं सांगितलं, तरी सर शांतपणे म्हणणार, बरं, पुढं? माणूस सांगून सांगून दमायचा आणि शेवटी जे सांगायचं नसायचं तेही सांगून बसायचा. मला ते ठाऊक आहे, तरी मी सांगायला लागते. सांगू नको तर काय करू? तुम्ही गेलात आणि क्लबाचे दोन झाले. तिचा स्नेहसेतू आणि माझा नव स्नेहसेतू. तिच्याकडं एकोणीस सभासद, माझ्याकडं चौदा. आज जागतिक शांतता दिन. दोन्ही क्लबांच्या फेऱ्या पाचालाच निघणार, दोन्ही गांधी चौकातच संपणार आणि दोन्हीकडं पांढऱ्याच टोप्या. फौजदारांनी सकाळी मला बोलावून घेतलं. म्हणाले, बाई, यंदा गणपती झाले, ईद झाली, गावात कुठं खट्ट वाजलं नाही. वर्षातला पहिला बंदोबस्त मला तुमच्या शांततेसाठी लावावा लागतोय. तुम्ही दोघी बोलून एक वेळ मागं-पुढं करा. मी म्हटलं, मी तिच्याशी बोलत नाही. त्यांनी डोक्याला हात लावला.

सर हसतात. हसण्यासारखं काय आहे यात?

“चला,” ते उठतात. “खाटा लावायच्या राहिल्यात.”

मी पाय खाली सोडते तो शाळेच्या चित्रकलेच्या हॉलमध्ये. फरशी गार आहे. भिंतीवर पोरांनी काढलेले सूर्य लावलेत, सगळ्यांना डोळे आहेत आणि सगळे माझ्याकडं बघतायत. रक्तपेढीची गाडी दारात नाही, हॉलच्या आत उभी आहे. ती आत आली कशी हे मी विचारत नाही. खाटा ओळीनं मांडलेल्या आहेत, फक्त कोपऱ्यातल्या दोन एकमेकींना खेटून आहेत. ती आमची जोडखाट.

जोडखाट ही सरांची युक्ती. दर वर्षी रक्तदान शिबिराच्या आधी ते गावभर फिरून कोण कोणाशी बोलत नाही याची माहिती काढायचे. मग त्या दोघांना वेगवेगळं गाठून एकाच वेळेला बोलवायचे आणि शेजारी शेजारी झोपवायचे. एकदा हातात सुई गेली की उठून जाता येत नाही. दहा मिनिटं रक्त आणि दहा मिनिटं विश्रांती, एवढी वीस मिनिटं गावातले दोन वैरी एकाच पंख्याखाली. बागवान गल्लीचा अल्ताफ आणि शाहूनगरच्या मंडळाचा संग्राम, मिरवणुकीच्या रस्त्यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले. दोघांना मी स्वतः झोपवलं होतं. पहिली पाच मिनिटं दोघं दोन भिंतींकडं बघत होते. मग संग्राम पांढराफटक पडला आणि अल्ताफ ओरडला, अहो बाई, ह्याला चक्कर यायलीय, साखर-पाणी आणा की. त्या वर्षी मिरवणूक बागवान गल्लीतून गेली आणि पाण्याची पिंपं गल्लीनं भरली. इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं होतं, ‘दोन्ही बाजूंत चक्कर या विषयावर चर्चा झाली.’ बाकीचे क्लब कबुतरं सोडायचे, आम्ही खाटा जोडायचो.

“झोपा,” सर म्हणतात.

मी म्हणते, मी कशाला झोपू, मी व्यवस्थापनात आहे. पण मी झोपलेलीच आहे आणि माझ्या डाव्या बाजूला हेमा आहे. तिची ती मोरपंखी साडी, कपाळावर घाम. हेमा आणि सुई. बावीस वर्षं शिबिराची चहा-बिस्किटं तिनं सांभाळली, पण सुई दिसली की ती पाठमोरी व्हायची. एकदाही तिनं रक्त दिलं नाही. आणि आज तिचा डावा हात सरळ करून ठेवलाय आणि ती छताकडं बघत गप्प पडलीय.

“तिला कशाला झोपवलंत? ती घाबरते.”

“तुम्हाला काय करायचंय? तुम्ही तर बोलत नाही.”

मी तोंड फिरवते. छत नाहीये. खाटा गांधी चौकात आहेत. आमच्या उजवीकडून माझी फेरी चाललीय आणि डावीकडून तिची. दोन्हीकडचे लोक ‘शांतता, शांतता’ अशा घोषणा देतायत आणि दुसऱ्यांचा आवाज वर जाऊ नये म्हणून आणखी मोठ्यानं ओरडतायत. माझ्या बॅनरवर माझा फोटो आहे. एवढा मोठा करायला मी सांगितलं नव्हतं. सर मधोमध स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक काढतायत.

मला संताप येतो. मी सरांना म्हणते, तुम्हाला सगळं सोपं वाटतं. दोन खाटा जोडल्या की झालं. तुमच्या शोकसभेच्या पत्रिकेत माझं नाव सातवं होतं, माहीत आहे? आमदारांच्या मेव्हण्याच्या खाली.

“बरं. पुढं?”

श्रद्धांजलीचा ठराव मी लिहिला आणि वाचायला दिला दुसऱ्याला.

“बरं. पुढं?”

हारसुद्धा तिनंच घातला. मला बाजूला उभं केलं.

“हार लहान होता की मोठा, बाई?”

घोषणा थांबतात. खाटेखालची जमीन आता पांढऱ्या फरशीची झालीय आणि फिनेलचा वास येतोय. मिरजेच्या दवाखान्यातली लांबच लांब ओसरी, एका बाजूला बाकडी. एका बाकड्यावर हेमाची पिशवी ठेवलीय. मी तिथं कधी गेलेच नव्हते, तरी मला ती ओसरी ओळखता येते. गेले आठ महिने मी रोज तिथं जाऊन येते.

आणि मग ते माझ्या तोंडातून निघतं. नाव सातवं होतं म्हणून मी क्लब फोडला नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी सांगलीला होते. माझ्या लेकीला सकाळपासून कळा सुरू होत्या आणि बाळ अडलं होतं. तुमच्या छातीत दुखलं तेव्हा हेमानंच तुम्हाला रिक्षात घालून मिरजेला नेलं, कारण तुमचा मुलगा पुण्याला. सकाळी नऊ ते दुपारी दीड ती तुमच्याजवळ होती. सांगली ते मिरज काय अंतर आहे? अर्ध्या तासात पोचले असते. तिनं एक फोन केला नाही. संध्याकाळी सात वाजता मला क्लबाच्या ग्रुपवर कळलं, फुलांच्या चौकटीत तुमचा फोटो आणि खाली हात जोडलेले. तोवर तुमची माती झाली होती. बावीस वर्षांच्या सोबतीचा माणूस, आणि मला तोंड बघायला मिळालं नाही. शोकसभेत सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, एकटीनं जवळ बसून मोठेपणा मिरवायचा होता का तुला? ती काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. म्हणजे तेच खरं होतं.

मी रडतेय. झोपून रडलं की पाणी कानात जातं. सर यावेळी ‘पुढं’ म्हणत नाहीत.

“तिनं फोन हातात घेतला होता,” ते म्हणतात. “मीच म्हटलं, ठेव.”

“का?”

“तुम्ही आला असता म्हणून.”

“आलेच असते.”

“आणि तिकडं पोरगी अडलेली. आईनं कुणाचा हात धरायचा असतो त्या वेळेला? माझं काय, मी चाललोच होतो.”

मला इतका राग येतो की उठून बसावंसं वाटतं, पण दंडाला पट्टा बांधलाय. मी त्यांना म्हणते, मग तिनं नंतर तरी सांगायचं. शोकसभेत सांगायचं. तुम्हीच नको म्हणाला होता एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं तिला?

“तेही मीच सांगितलं. माझं नाव घेऊ नको म्हटलं. बाई चिडणार, हे मला ठाऊक. माझ्यावर चिडल्या तर भांडणार कुणाशी, कबरीशी? तुझ्यावर चिडल्या तर निदान समोर माणूस तरी असेल, म्हटलं. दोन दिवस भांडतील आणि मग तुझ्या दुकानात येऊन चहा मागतील.”

“दोन दिवस?” मी म्हणते. “सर, आठ महिने झाले.”

“तेवढं माझं चुकलं,” ते म्हणतात आणि पेन्सिलीचा भुगा फुंकरीनं उडवतात.

असा माणूस. गावभरची भांडणं मिटवून गेला आणि जाता जाता आमच्या दोघींच्यात एक लावून गेला, तेही चांगल्या हेतूनं. मला त्यांच्यावर खच्चून ओरडायचंय. मी तोंड उघडते तेवढ्यात ओसरीच्या टोकाकडून पांढऱ्या कोटातली एक बाई सुई घेऊन यायला लागते. ती माझ्याकडं येत नाही, हेमाकडं जाते. हेमाच्या तोंडून बारीकसा आवाज निघतो. ती छताकडचे डोळे काढत नाही, पण तिचा दुसरा हात खाटेवरून चाचपडत माझ्याकडं येतो, माझं मनगट सापडतं आणि ती ते घट्ट धरते. किती घट्ट. दुकानात शटर ओढून ओढून तिचे हात तसलेच झालेत. मी म्हणते, हेमा, दुखतंय. ती सोडत नाही. सरांकडं बघते तर स्टूल रिकामं आहे. मी त्यांना हाक मारते, पुन्हा मारते, आणि माझ्याच आवाजानं जागी होते.

पंखा दोनवर आहे. साडेचार वाजलेत. कान ओले आहेत आणि उशीही ओली आहे. मी उठून बसते आणि चरफडते. स्वप्नातला माणूस बोलतो ते आपणच बोलत असतो, एवढं मलाही कळतं. मला हेमावर रागवायचा कंटाळा आला असेल आणि मीच सरांच्या तोंडात हे सगळं घातलं असेल. असं म्हणत मी पदर सावरते आणि डावं मनगट दिसतं. त्याच्यावर लाल वळ आहेत. चार एका बाजूला आणि एक जाडसर दुसऱ्या बाजूला. हातावर झोपले असेन, बांगड्या रुतल्या असतील. बांगड्या खाली सारून बघते. वळ त्यांच्या बरेच वर आहेत.

तशीच फोन घेते आणि आठ महिन्यांत न लावलेला नंबर लावते. ती उचलते. हॅलो म्हणत नाही. मागं ढोल वाजतोय, तिची फेरी जमायला लागलीय. मी पण नमस्कार-चमत्कार करत नाही. एकच विचारते.

“त्या दिवशी मला कळवू नको असं सरांनी तुला सांगितलं होतं?”

ढोलाचा आवाज हळूहळू लांब जातो. ती बाजूला कुठंतरी चालत गेलीय. एक दार लागल्याचं ऐकू येतं.

“तुला कुणी सांगितलं?” हेमा म्हणते. “मी कुणालाच बोलले नव्हते, पद्मा. मी त्यांना शब्द दिला होता.”

माझ्या तोंडून सांत्वनाचं काहीतरी निघायला हवं होतं. निघतं ते भलतंच. मी तिच्यावर ओरडते, आठ महिने? आठ महिने गप्प बसलीस? एवढं ऐकून घेतलंस माझं, तुला तोंड नव्हतं? त्यावर तिचाही बांध फुटतो. ती म्हणते, तू विचारलंस का कधी, तू तर चौदा माणसं घेऊन गेलीस. मी म्हणते, तू अडवलंस का? ती म्हणते, नातीचं बारसं केलंस आणि मला साधं बोलावलं नाहीस, पाळण्याला बांधायला मी चिमण्या करून ठेवल्या होत्या त्या अजून दुकानात पडल्यात. यावर मला काही बोलता येत नाही, म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलते.

पाच वाजून जातात. दोन्हीकडची माणसं टोप्या घालून आमची वाट बघत उभी असणार. मधेमधे फौजदारांचा फोन येतोय, मी तो घेत नाही. हेमा अजून बोलतेय. मी उजव्या हातानं फोन धरलाय आणि डावं मनगट मांडीवर ठेवलंय. वळ तसेच आहेत, आणि ते चोळून घालवायची मला मुळीच घाई नाही.