काळा कोट आणि पांढरी पिंजारीण

वहिनी आणि वन्सं या दोघींचं बोलणं बंद होतं, पण म्हणून घरात शांतता होती असं समजू नका. जे काही बोलायचं ते मांजरीशी.

"पिंजारणी, सांग गं कुणाला तरी, पंखा बंद करा म्हणावं. अस्तर उडतंय."

"पिंजारणी, सांग म्हणावं, बटण त्यांच्याच डोक्यावर आहे. हात काय मशीनला शिवलेत का?"

मांजर दोघींच्या मधोमध बसून पंजा चाटायची आणि निरोप पोचायचे. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्यानं काढली, त्याच्या घरी लेक असेल-नसेल, मांजर नक्की असणार.

वहिनी म्हणजे अख्ख्या गल्लीच्या वहिनी. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी मशीन मांडून त्या काळे कोट शिवायच्या. म्हणजे कापलेला माल दुकानातून यायचा. अस्तर लावणं, काजं करणं, बटणं टाकणं आणि आतून हातशिलाई घालणं हे वहिनींचं. वकिलांचे कोट, बँडवाल्यांचे कोट, हॉटेलातल्या वाढप्यांचे कोट. सगळे काळे. वन्सं म्हणजे त्यांच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टपाल कचेरीच्या खिडकीत बसून आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या. त्या आल्या आणि पाठोपाठ भाऊ गेला. नणंद-भावजय मागे राहिल्या, आणि मांजर.

मांजर भावानंच आणलेली. पांढरी, लांब केसांची, अंगावर हात फिरवला की हाताला पांढरा मोजा. "ही मांजर नाही, पिंजारीण आहे," तो म्हणायचा, "जाईल तिथं कापूस पिंजत जाते." ते नाव राहिलं. नाव ठेवणारा राहिला नाही.

बोलणं बंद झालं ते त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी, का महिन्याभरानं, ते आता दोघींनाही सांगता यायचं नाही. वन्सं एवढंच म्हणाल्या होत्या, "शेवटी शेवटी त्याला झोप कशी ती नव्हती. मशीनचा खडखडाट रात्रंदिवस." वहिनींनी काही उत्तर दिलं नाही. त्या दिवशी दिलं नाही, ते मग दिलंच नाही. औषधं त्याच खडखडाटातून येत होती, हे सांगायला लागावं यापरीस न सांगितलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. आणि माणसाचा असला हिशेब एकदा बसला की बसला.

तर एक दिवस दुकानाचे मालक स्वतः जिना चढून आले. हा माणूस स्वतःच्या लग्नातही धापा टाकत उशिरा पोचला होता म्हणतात. तो जिना चढला म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांनी हातातला कोट उलटा करून मशीनवर पसरला.

"वहिनी, हे बघा. गिऱ्हाईक वकील आहे. उभा राहिला बोलायला, तर समोरचा वकील म्हणतो, आपल्या पाठीवर आत्ताच कुणीतरी झोपून गेलेलं दिसतंय. सगळे हसले."

"झटकून दिला होता मी."

"झटकून काय होतंय? अस्तराच्या आत शिवलाय तुम्ही केस. टिपेत! आतून बाहेर येतोय." मालकांनी घाम पुसला. "तुमच्या हातासारखा हात मला मिळायचा नाही, हे मी तुमच्या तोंडावर सांगतो, पाठीमागे सांगणार नाही, भाव वाढवाल. पण आता कोट आणि मांजर एका घरात नांदायचे नाहीत. आणखी एक कोट असा परत आला, की माल दुसरीकडे."

ते गेले. वहिनी मशीनकडे बघत बसल्या. धान्याच्या गोदामाचा रखवालदार उंदरांपायी मांजर शोधत होता, हे त्यांना ठाऊक होतं. न्यायला तो उद्या आला असता.

आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला. हळू, निरोपाचा नव्हे असा.

"तू गेलीस तर मी कुणाशी बोलू गं?"

हे कुणाला सांगायला म्हणून म्हटलेलं नव्हतं. म्हणूनच ते वहिनींना नीट ऐकू गेलं. रखवालदाराला निरोप गेला नाही.

मग केसांवर उपाय सुरू झाले. आता, वहिनींना कापडातलं सगळं कळत होतं, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच. पहिल्यांदा त्यांनी मांजरीला धुवायला घेतलं, लोकरीचा कपडा धुवावा तसं, कोमट पाण्यात, अलगद दाबून. लोकरीचा कपडा किंचाळत नाही. पिंजारीण बादलीतून निघाली ती थेट कपाटावर. भिजलेलं मांजर किती केविलवाणं दिसतं असं लोक म्हणतात, पण ते भिजवणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. घाबरलेल्या मांजरीनं त्या दिवशी एरवीच्या दुप्पट केस गाळले.

दुसऱ्यांदा त्यांनी कोटाचा ब्रश घेतला. काळ्या कापडावरचा धागा काढायचा तर आधी लवीच्या उलट ब्रश मारायचा, धागा उभा राहतो. मग सुलट मारायचा, निघून जातो. तीस वर्षं हाताला लागलेली सवय. त्यांनी पिंजारणीच्या शेपटीकडून मानेकडे एकच उलटा हात मारला. मनगटापासून कोपरापर्यंत तीन लाल रेघा उठल्या, इतक्या सरळ की पट्टी धरून मारल्यासारख्या.

"पिंजारणी," आतून वन्सं म्हणाल्या, "सांग म्हणावं, तू कोट नाहीस."

वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसूही आलं. ते त्यांनी रेघांवर हळद लावण्याच्या निमित्तानं खाली बघून लपवलं.

शेवटी त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात बघून आधी विचारलं, "उलटा ब्रश मारलात ना?" मग सांगितलं की रोज थोडं थोडं विंचरा, केसाच्या दिशेनं. आधी ओला हात अंगावरून फिरवा म्हणजे केस उडत नाहीत. रुंद दातांची फणी, ती झाली की बारीक. गाठ लागली तर ओढू नका, बोटांनी सोडवा. पोट आणि शेपूट तिच्या मर्जीवर. भांडी घासायचा रबरी मोजा घालून शेवटी एक हात फिरवा, राहिलेले केस त्याला चिकटतात. अंघोळ नको, आणि तिची झोपायची जागा रोज झटका. केस गळायचे थांबणार नाहीत. पण हवेत गळण्याऐवजी फणीत गळतील.

घरी येऊन वहिनींनी फणी आणि मोजा टेबलावर ठेवला. मांजर दिवसभर ज्यांच्या मांडीवर, काम त्यांचं. "पिंजारणी, सांग म्हणावं, रोज सकाळी विंचरायचंय."

आतून उत्तर आलं. "सांग म्हणावं, गरज ज्याची त्यानं विंचरावं. आम्हाला नाही असली हौस."

"बघा!" वहिनी भिंतीला म्हणाल्या. "मांजर यांची, ठेवायचीय यांना, आणि ऐट बघा." रागारागानं त्यांनी मांडीवर काळ्या अस्तराचा तुकडा पसरला, हात ओला केला आणि पिंजारणीला उचललं. राग हातात उतरू द्यायचा नाही, एवढं मात्र शिवणाऱ्या माणसाला कळतं.

पहिले काही दिवस मांजर दोन फण्या होईतो थांबायची. मग चार. मग एक सकाळ अशी आली की विंचरून संपलं तरी उठेना. हनुवटी वर करून बसली, इथं राहिलं म्हणून. अस्तरावर पांढरा गोळा जमायचा, तो वहिनी कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. खोलीतली हवा स्वच्छ झाली. कोट परत येणं थांबलं. मालकांनी निरोप धाडला, "मांजर दिली ना? बरं केलंत." वहिनींनी उलटा निरोप धाडलाच नाही. त्यांनी समजायचं ते समजावं.

कोट वाचले आणि मांजरही वाचली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मांजरीला गोष्टी कुठं संपवायच्या ते कळत नाही.

पिंजारीण आता मशीनजवळच राहायला लागली. अस्तराच्या त्याच तुकड्यावर, दिव्याच्या उबेत. सकाळी फणीची वाट बघत, दुपारी झोपत, संध्याकाळी वहिनींच्या पायांना घासत. आधी वन्संच्या मांडीवर तिचा दिवस जायचा. आता ती आतल्या खोलीत फक्त खायला जायची, खानावळीत जावं तशी.

वरच्या मजल्यावर खबरकाकू राहायच्या. त्यांचं खरं नाव त्यांच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागायचं. साखर मागायला यायच्या आणि साखर सोडून सगळं घेऊन जायच्या. दारातूनच त्यांनी टिपलं.

"अगंबाई! मांजरीनं पक्ष बदलला वाटतं? वन्सं, तुमची मांडी ओस पडली की हो!"

"कुठं?" वन्सं आतून ठसक्यात म्हणाल्या. "आत्ताच उठून गेली. ही शाल बघा, केसच केस."

खबरकाकूंनी शाल पाहिली. राखाडी शालीवर पांढरे केस स्पष्ट दिसत होते. काकू जरा हिरमुसल्याच.

वहिनींनीही ते ऐकलं आणि त्यांचं पायडल थांबलं. पिंजारीण सकाळपासून त्यांच्या पायाशी होती. आत गेलेलीच नव्हती. मग शालीवर केस कुठून? त्यांच्या मनात पहिलं आलं ते वाईटच आलं: या मुद्दाम केस पसरतात. आज शालीवर, उद्या कोटावर. काम बंद पडलं की खडखडाटही बंद. केसानं गळा कापतात तो असा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विंचरून झाल्यावर गोळा डब्यात टाकला, दुकानात जाते म्हणून पायात चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यावर थांबल्या. थोड्या वेळानं दार आवाज न करता ढकललं.

वन्सं डब्याजवळ खाली बसल्या होत्या. चहाच्या चोथ्याखालून त्यांनी तो गोळा काढला होता आणि त्यातून केस सोडवायला बघत होत्या. बोटं मिटत नव्हती. पेरं सुजून गाठीसारखी झालेली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांपर्यंत पोचायची नाहीत, म्हणून त्या दोन्ही तळव्यांत गोळा धरून, लहान पोर लाडू धरतं तसा, शालीवर घासत होत्या. मांडीच्या भागावर. नीट, सारखा पसरत.

झग्याची बटणं त्यांनी उलटसुलट लावली होती. वरची दोन उघडीच होती. उन्हाळ्यातही वन्सं शाल का पांघरतात, ते वहिनींना आत्ता कळलं. आणि फणी का नाकारली, तेही. ज्या हातांनी जन्मभर तिकिटं मोजून दिली, ते हात आता फणी धरत नाहीत, हे सांगायचं तर ते मांजरीकरवी कसं सांगायचं?

वहिनी परत जिन्यावर गेल्या. खालपर्यंत उतरल्या, चपला वाजवत वर आल्या, दाराला उगाच किल्ली खडखडवली. आत आल्या तेव्हा वन्सं खुर्चीत होत्या आणि शालीवर केस होते.

संध्याकाळी वहिनींनी पिंजारणीला उचलून नेलं आणि वन्संच्या मांडीवर ठेवलं. फणी वन्संच्या तळव्यावर ठेवली आणि तो हात वरून आपल्या हातानं मिटला. वन्संनी हात काढून घेतला नाही. दोन हातांनी एक फणी मानेपासून पाठीवर सावकाश उतरली. एकदा. दोनदा. सांगायला मांजर होती, तरी कुणी काही सांगितलं नाही.

तिसऱ्या वेळी वन्संचं बोट ताठ होऊन फणी तिरकी झाली, दात रुतले. पिंजारणीनं कान मागे केले, खाली उडी मारली आणि मशीनखालच्या आपल्या तुकड्यावर जाऊन बसली. मांजरीला भिडस्तपणा नसतो. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"तिला तुमची सवय लागली," वन्सं म्हणाल्या. कितीतरी काळानंतर थेट वहिनींना. एवढंच वाक्य, आणि तेही हे.

वहिनींना म्हणायचं होतं, की दाखवा हात, आपण जाऊ डॉक्टरकडे. म्हणायचं होतं, की त्या वेळी मशीन थांबवता आलं असतं तर मी थांबवलं असतं. पण इतक्या दिवसांच्या बंद कुलपाला एकदम किल्ली लागत नाही. त्यांनी खाली वाकून वन्संची वरची दोन बटणं लावली. लावताना काजांकडे बघत राहिल्या, तोंडाकडे नाही.

पुढं काही दिवसांनी त्या वन्संना घेऊन दवाखान्यात गेल्या, या खेपेला माणसांच्या. डॉक्टरांनी शेकायला सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हात पहिल्यासारखे व्हायचे नाहीत हेही सांगितलं. पिंजारीण काही आतल्या खोलीत परत गेली नाही.

फक्त एक झालं. सकाळी विंचरून झालं की वहिनी गोळा डब्यात टाकेनाशा झाल्या. बोटांनी तो सैल करायच्या, केस सुटे व्हावेत असा, आणि जाता जाता वन्संच्या खुर्चीशेजारच्या खिडकीत ठेवायच्या. ठेवला असं म्हणायच्या नाहीत. तासाभरानं तो तिथं नसायचा.

खबरकाकू परत साखर मागायला आल्या. मान लांब करून त्यांनी आत पाहिलं, मग मशीनखाली पाहिलं.

"मांजर तर इथंच आहे की!"

वहिनींनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दातानं तोडला.

"आत्ता आली," त्या म्हणाल्या. "सकाळपासून वन्संच्या मांडीवरच होती. शाल बघा त्यांची."