सव्वाआठच्या हजेरीतली शिट्टी

शाळेच्या दारात बावीस वर्षं उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहून घेणाऱ्या बाई म्हणजे हजेरीबाई. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल. कुणाच्या तोंडात मात्र नव्हतं. त्यांचा कान असा, की भिंतीपलीकडून धावत येणारं पोर त्या नुसत्या पावलांवरून ओळखायच्या. "पाचवीतला येतोय, आणि एका पायाने फरफटतोय. बूट तुटलाय वाटतं," असं म्हणेपर्यंत तो तुटका बूट हातात घेऊन समोर उभा. आणि हजेरीपटातला रिकामा रकाना त्यांना दातात अडकलेल्या काडीसारखा सलायचा.

मग शाळेच्या इमारतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तपासायला आलेले इंजिनिअर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच मागे फिरले. दुरुस्ती होईपर्यंत सहावी ते आठवीची शाळा घरून भरवायची ठरली. प्रत्येकाला एकेक टॅब मिळाला, आणि मोठ्या सरांनी हजेरीबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, आता दारच नाही म्हणजे काम नाही, असं समजू नका. एकूण एक मूल बसवायचं."

"कुठे बसवू?"

"टॅबसमोर."

पहिला आठवडा म्हणजे नुसता बाजार. एका घरातून फक्त छत दिसायचं, आणि गणिताच्या बाई बिचाऱ्या पंख्याला अपूर्णांक शिकवायच्या. दुसऱ्या घरी वडीलच हात वर करायचे. "सर, मी सांगू? दोनशे शहाऐंशी." "अहो, मुलाला विचारलंय." "तो लाजतो हो." सहावीतल्या एकीची आई प्रत्येक तासाला मागून डोकावून शिक्षकांना "जेवलात का?" असं विचारून जायची.

हजेरीबाई पत्र्याच्या शेडमधल्या तात्पुरत्या ऑफिसातून दिवसभर फोन लावायच्या. "टॅब भिंतीला टेकवा. अहो, कुठली म्हणजे? तुमच्याच घराची. हां, तीच." "तुम्हाला उत्तर येतंय, कबूल. तरी गिळायचं. पाण्याबरोबर गिळा हवं तर." फोनने जमलं नाही तिथे त्या स्वतः जायच्या, टेबल खिडकीपासून फिरवायच्या, कोण कधी कुठे बसणार ते कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवायच्या. तीन आठवड्यांत बहुतेक घरं ताळ्यावर आली.

तेवढ्यात मोठ्या सरांनी फर्मान काढलं. येत्या शुक्रवारी तोंडी परीक्षा. जो स्वतःच्या तोंडाने बोलणार नाही, त्याचं हे वर्ष धरायचं नाही. पुन्हा त्याच वर्गात. न बोललेल्यांची यादी हजेरीबाईंनी त्याच संध्याकाळी द्यायची.

आता सातवीत एक मुलगी होती. तिला अख्खा वर्ग टिटवी म्हणायचा, कारण तिची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही. उशिरा आली की कारण सांगता सांगता आणखी उशीर करायची. ती टिटवी गेले तीन आठवडे रोज सव्वाआठला फक्त "हजर" म्हणत होती, आणि पुढे दिवसभर चिडीचूप. कॅमेरा बंद. नेटला जोर नाही म्हणे.

हजेरीबाईंना आधी ते गप्प राहणंच खटकलं. मग त्यांनी कान दिला. त्या "हजर"च्या पोटात कुकरची शिट्टी होती आणि शेपटाला बारक्या पोराची शिंक. मंगळवारी होती तशीच बुधवारी, तशीच गुरुवारी. जगातला कुठलाही कुकर इतका वक्तशीर नसतो, शिंक तर नाहीच. सोमवारी तर कहर झाला. "हजर," शिट्टी, शिंक. लगेच पुन्हा "हजर," शिट्टी, शिंक. नऊच्या ठोक्याला हजेरीबाई टिटवीच्या घराचे तीन मजले चढत होत्या.

दार आजोबांनी उघडलं. आईचे वडील. धुतलेला शर्ट, नाकावर चष्मा, हातात वही.

"या, या. हळू या जरा, तास चालू आहे."

"टिटवी कुठे आहे?"

"वर्गात."

"आणि तुम्ही?"

"मीही वर्गातच की."

टेबलावर टॅब, शेजारी आईचा जुना फोन. त्यात टिटवीचं "हजर", ती शिट्टी आणि शिंक सगळं रेकॉर्ड करून ठेवलेलं. आतल्या खोलीत टिटवी होती. सव्वा वर्षाची जुळी भावंडं, त्यातलं एक तिच्या कडेवर आणि दुसरं कपाटाचा खण उपसत बसलेलं.

"एक दिवस चुकलो नाही," आजोबांनी अभिमानाने वही पुढे केली. "चौतीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलंय मी. एक गाडी चुकवली नाही. ही सव्वाआठची काय चुकवतो! सगळं उतरवून घेतो आणि संध्याकाळी हिला सांगतो."

हजेरीबाईंनी वही चाळली. अक्षर मोत्यासारखं. पण तिसऱ्या तासाला आजोबांचा डोळा लागत असावा, कारण प्रत्येक पानाचा शेवट "वगैरे वगैरे" असा होता.

"आज दोनदा दाबलंत तुम्ही."

"बोट थरथरलं," आजोबा पुटपुटले.

टिटवीने मग एका दमात सगळं सांगितलं. आई बसवर कंडक्टर, साडेपाचला घर सोडते. जुळ्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू घर बदलून गेल्या. आईला सांगितलं होतं, आजोबा बघतील. पण आजोबांचे गुडघे गेलेले, आणि ही दोघं दोन दिशांना पळतात. "आईला सांगू नका ना, बाई. तिने पहाटेची पाळी सोडली तर तिला कामावरून काढतील."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मीच म्हणते."

"सांगणार मी. आणि तुझ्यासमोरच सांगणार."

हजेरीबाई अडीचपर्यंत तिथून हलल्या नाहीत. आई आली ती तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच. सगळं ऐकून ती वडिलांकडे वळली.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"अगं, निदान मी तरी शिकलो."

"मी नोकरीच सोडते," आई म्हणाली.

"ती भाषा नको," हजेरीबाई म्हणाल्या. "आठ ते बारा. चार तासांचा प्रश्न आहे, जन्माचा नाही. आजोबांना पळता येत नाही, मान्य. बसता तर येतं?"

"बसण्यात माझा हात कोण धरणार?" आजोबा म्हणाले.

"मग आतली खोली रिकामी करू. पलंग उभा, कपाट बाहेर. गादी आणि खेळणी सोडून आत काही ठेवायचं नाही. जुळी आत, आणि तुम्ही दारात खुर्ची टाकून आडवे पाय करून बसायचं."

आजोबांनी दाराची रुंदी नजरेने मोजली. "म्हणजे मी फाटक."

"हो. आणि हे फाटक आठ ते बारा बंद."

मंगळवारी पाच मिनिटांत दोन्ही गाड्या खुर्चीखालून पसार झाल्या. हजेरीबाईंनी पलंगाची फळी काढून खुर्चीच्या पायांना बांधली. बुधवारी जुळ्यांनी असा भोंगा लावला की टिटवी तीनदा वर्ग सोडून उठली. हजेरीबाईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"तू उठलीस की ती काय शिकतात? रडलं की ताई येते. या घरात सध्या त्यांचीच शाळा चालू आहे, तुझी नाही."

"पण ती रडतात हो, बाई. ऐकवत नाही."

"मला ऐकवतंय का? माझा कान तर तुझ्याहून तिखट. बस."

गुरुवारी रडणं वीस मिनिटं चाललं. मग आजोबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी खुर्चीतूनच मालगाडी सोडली. आधी लांबून येणारी धडधड, मग रुळांचा खडखडाट, मग इंजिनाची अशी लांबलचक हाक, की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. जुळी तोंड उघडं टाकून बघतच राहिली. मालगाडीमागे एक्स्प्रेस गेली, पॅसेंजर गेली, साडेदहाला एक गाडी रद्द झाली कारण घसा बसला. पण तोवर टिटवीचे तीन तास नीट झाले होते. दुपारी हजेरीबाईंनी तिच्याकडून आजोबांचे सगळे "वगैरे वगैरे" पुस्तकातून भरून घेतले. उष्णतेचा धडा अर्धाच झाला.

शुक्रवारी मात्र त्या शेडमध्येच बसल्या. कानाला हेडफोन, समोर न बोलणाऱ्यांची यादी. यादीत इतर नावांबरोबर टिटवीचंही नाव पेन्सिलीने लिहिलेलं. तिचा कॅमेरा सुरू होता. विज्ञानाच्या बाईंचा पहिला प्रश्न सोपा होता, उत्तर आलं. दुसरा आला.

"धातूचा चमचा गरम पाण्यात ठेवला तर त्याची वरची मूठ का तापते?"

टिटवीने तोंड उघडलं आणि मिटलं. मागून रडणं सुरू झालं, आधी एक, मग दोन. गाडीचा आवाज आला नाही. घसा अजून बसलेलाच. टिटवीची नजर दाराकडे गेली, आणि तिची खुर्ची कुरकुरलेली हजेरीबाईंना हेडफोनमधून स्पष्ट ऐकू आली. उत्तर त्यांना येत होतं. एक बटण दाबून फक्त तिच्याच टॅबवर पहिला शब्द पुरवला असता, तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला.

"बाई, थांबा हं," टिटवी म्हणाली. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला. "ती रडतायत. रडू देत. मी उठणार नाहीये. सांगते."

आणि ती सांगू लागली. धातूचे कण, एकाने दुसऱ्याला दिलेली उष्णता, लाकडाचा चमचा असता तर काय झालं असतं, कढईचा कान फडक्याशिवाय का धरता येत नाही, आणि तो एकदा धरल्यावर आजोबा काय म्हणाले होते.

"छान. पुरे," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

"नाही बाई, अजून आहे."

तिसऱ्या मिनिटाला बाईंनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं, तरी ती थांबेना. शेवटी त्यांनाच तिला म्यूट करावं लागलं. पडद्यावर टिटवीचे ओठ हलतच राहिले.

हजेरीबाईंनी तिचं नाव खोडरबराने कागद फाटेस्तोवर पुसलं आणि त्याखालच्या नावाला फोन लावला.