बाहेरचा पंच

फुटबॉलसाठी कामावर दांडी मारायला, पाहुण्यांशी वाकडं घ्यायला, लग्नाची तारीख पुढं ढकलायला आमच्या कोल्हापुरात माणसं मिळतात. शिट्टी फुंकायला मिळत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकात गावातल्या सामन्यांना पंच जमवायचं काम माझ्याकडं होतं. दिवसभर मी कारखान्यात लेथवर असायचो आणि संध्याकाळी पंचांच्या शोधात. त्याआधी पेठेच्या संघातून डाव्या बगलेला बचावाला खेळलो, गुडघा गेला, मग शिट्टी घेतली. घेतली त्याच हंगामात माझ्याच पेठेविरुद्ध पेनल्टी दिली. पेनल्टी स्वच्छ होती. त्यानंतर कितीतरी महिने मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरलो की न्हाव्याला नेमकं बाहेर काम निघायचं. गणपतीत आरतीसाठी गल्लीत घरोघरी हाक जायची, माझं दार तेवढं वगळून. मी न बोलावता जायचो, अगदी पुढं उभा राहायचो आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आरती म्हणायचो. प्रसादाचं ताट फिरवणाऱ्याला माझ्यापुढं थांबावंच लागायचं.

अडचण अशी की आमच्याकडं प्रत्येकाला पेठ आहे, आणि पेठेचा संघ म्हणजे तिथल्या तालमीचा संघ. पंच नेमला की त्याच संध्याकाळी दोन्ही संघांकडून निरोप यायचा. "ह्यो नगो. ह्याचा मेव्हणा त्यांच्या तालमीत हाय." मेव्हणा नसला तर सासुरवाडी निघायची. एका पंचाला केवळ तो समोरच्या पेठेतल्या गवळ्याकडून दूध घेतो म्हणून नाकारलं होतं. आणि स्पर्धेची कमिटी हे 'नगो' मान डोलावून ऐकायची, दुसरं नाव सुचवायची, मग त्यालाही 'नगो'.

जे टिकायचे त्यांचं काय व्हायचं तेही सांगतो. एकाच्या स्कूटरची सीट ब्लेडनं उभी फाडली. एकाची मुलगी शाळेतून रडत आली, कारण वर्गातली पोरं तिला 'चोराची पोरगी' म्हणत होती. त्यानं शिट्टी आणून माझ्या हातात ठेवली. मला राग आला, पण त्याच्यावर नाही. एवढ्या मोठ्या गावाला एक माणूस सरळ उभा राहिलेला चालत नाही याचा राग होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

तेव्हा मी ठरवलं, पंच बाहेरून आणायचा. ज्याला पेठ नाही, मेव्हणा नाही, गवळी नाही, असा. कुरुंदवाडला जाऊन आलो, तिथं एक चांगला होता पण ऊसतोडीच्या दिवसांत त्याला हलता येईना. मग कुणीतरी सांगितलं म्हणून इचलकरंजीला एसटीनं उतरून कबनूरला गेलो. तिथं यंत्रमाग कामगारांची स्पर्धा चालली होती. मैदान म्हणजे मोकळा माळ, आणि मधोमध पंच म्हणून एक किडकिडीत माणूस, पँटचे पाय दुमडलेले.

त्याचे हात बघून मी जागीच उभा राहिलो. आमचे पंच शिट्टी फुंकून नुसतं बोट दाखवतात आणि मग सगळे त्यांच्या अंगावर धावतात, काय दिलं, कुणाला दिलं. या माणसाच्या हातांतून पूर्ण वाक्य निघत होतं. कुणी ढकललं, कुठं ढकललं, चेंडू कुणाचा, सगळं बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळत होतं. नंतर समजलं की तो बारा महिने मागावर काम करतो. मागाच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. पंजा आडवा धरून, मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यासारखा पुढं-मागं केला की 'माग चालू हाय, काळजी नगो'. मूठ वळली की थांबव.

सामना संपल्यावर मी गाठलं. "पावणं, कोल्हापुरात येणार का शिट्टीला?"

"तिकडं पंचाला मारत्यात म्हणं."

"मारत न्हाईत. शिव्या देत्यात."

"मग चालतंय की," तो म्हणाला. "शेठ दिवसभर देतोय. मागाच्या आवाजात ऐकू कुणाला येतंय?"

असा तो आला. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मामा. शिफ्ट बदलून घ्यायचा, दोन एसट्या करून यायचा आणि शिट्टी खिशात टाकून परत जायचा. पंच मिळवणं एक, टिकवणं दुसरं, आणि दुसऱ्यासाठी मी काहीही केलं असतं. त्या वर्षांत रमजान ऐन फुटबॉलच्या हंगामात, थंडीत यायचा. हा माणूस रोजा धरून अख्खा सामना पळायचा आणि शेवटची शिट्टी झाली की घड्याळ बघायचा. मी माझ्या पिशवीत गुडघ्याच्या पट्ट्यांशेजारी खजूर ठेवायला लागलो. मैदानाच्या कडेला बसून तो रोजा सोडायचा आणि मी त्याच्यासमोर उभा राहायचो, म्हणजे वाद घालायला येणाऱ्यांना आधी माझ्याशी घालावा लागेल.

अशाच एका संध्याकाळी त्यानं खजूर चघळत सांगितलं, "मामा, त्या दिवशी ऐकू येत न्हाय म्हणालो, त्ये मागावरचं. शिव्या दिसत्यात की मला."

"दिसत्यात म्हंजे?"

"व्हटं. आमी मागावर व्हटं बघूनच बोलणं समजून घेतो. तुमची गॅलरी काय काय म्हणती समदं कळतंय. पर गॅलरीकडं बघायचंच न्हाय असं ठरवलंय."

मी हसलो आणि विसरून गेलो. आठवण झाली ती उपांत्य सामन्यात.

एका मोठ्या पेठेचा संघ एका गोलनं पुढं होता. त्यांचा पुढचा खेळाडू गावाचा लाडका, पायात जादू आणि डोक्यात हवा. भाईनं त्याच्याविरुद्ध फ्री किक दिली. तो वळला, पाच-सहा पावलं लांब गेला, मान तिरकी करून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. गॅलरीचा गलका असा होता की शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नव्हता. भाईनं शिट्टी फुंकली आणि सरळ लाल कार्ड दाखवलं. शिवी आईवरून होती, एवढंच त्यानं मला नंतर सांगितलं. पूर्ण शिवी त्यानं कधीच उच्चारली नाही.

तो संघ दहा जणांत जिंकला आणि अंतिम सामन्यात गेला, पण लाडक्याशिवाय. दुसऱ्या संध्याकाळी त्यांची माणसं कमिटीपुढं हजर. मी होतो, भाईला मीच बोलावून घेतलं होतं.

"एवढ्या गलक्यात त्येला ऐकू कसं आलं?" त्यांचा सेक्रेटरी म्हणाला. "पोरगं काय बोललंच न्हाय. ह्यो बाहेरचा माणूस, कुणीतरी पढवून पाठवलाय."

"बाहेरचा म्हणूनच आणलाय," मी म्हणालो. "आतल्यांची तर तुमी वाट लावलासा."

भाई शांतपणे म्हणाला की ऐकलं नाही, बघितलं. ओठ बघून कळतं. यावर खोलीत मोठा हशा झाला. मग कमिटीतल्या एका शहाण्यानं तोडगा काढला. उद्या मैदानावर सगळ्यांसमोर परीक्षा घेऊ. एकजण लांब उभा राहून आवाज न करता बोलेल, यानं ओळखायचं. ओळखलं तर कार्ड कायम. नाही तर कार्ड रद्द आणि अंतिम सामन्याला दुसरा पंच.

भाई तयार होता. उठून उभासुद्धा राहिला. मी त्याचा हात धरून खाली बसवला.

"परीक्षा होणार न्हाय," मी म्हणालो.

"का? भ्यालासा?"

"आज व्हटांची परीक्षा घ्याल. उद्या ऑफसाइड दिला तर डोळं तपासून या म्हणाल. परवा पेनल्टी दिली की जन्माचा दाखला मागाल. कार्ड दिलंय, कार्ड ऱ्हाणार. रद्द केलासा तर अंतिम सामन्याला एकबी पंच मैदानात उतरणार न्हाय."

कमिटीनं परीक्षा नाही तर कार्ड रद्द, असं तिथल्या तिथं जाहीर केलं. मी भाईला घेऊन बाहेर पडलो. मला वाटलं होतं तो खूश होईल. स्टँडपर्यंत तो माझ्या दोन पावलं पुढंच चालला. चहा सांगितला तर नको म्हणाला.

"दोन मिंटांचं काम होतं मामा," एसटी लागल्यावर तो म्हणाला. "करून दाखवलं असतं. आता समदं गाव मला खोटारडा म्हणतंय. तत्त्व तुमचं ऱ्हायलं, इज्जत माझी गेली."

"भाई, एकदा का पंचानं मी खरा हाय म्हणून दाखवाय सुरुवात केली..."

"ते तुमी बघा. ऐतवारी अंतिम सामन्याला येतो का न्हाय, सांगत न्हाय."

एसटी गेली. मी स्टँडवर उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. पण त्या बरोबर असण्याची किंमत तो भरत होता आणि तो गेला तर मी कुठल्या तोंडानं दुसऱ्या कुणाला शिट्टी घे म्हणणार होतो?

पंचांना मात्र मी घरोघरी जाऊन सांगितलं, अंतिम सामन्याला यायचं, पण मैदानात कुणी उतरायचं नाही. स्कूटरवाला आला, मुलीचा बाप शिट्टी परत मागून घेऊन आला. रविवारी आम्ही सगळे पंचांचे काळे शर्ट घालून बाजूच्या रेषेजवळ गॅलरीच्या पहिल्या ओळीत बसलो. मैदान भरून वाहत होतं. लोक आमच्याकडं बघून काय काय म्हणत होते ते समजायला ओठ वाचायची गरज नव्हती. मी शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती. दोन्ही संघ मैदानात आले तरी ती रिकामीच होती.

कार्डवाला लाडकाही उतरला होता. समोरच्या संघानं लगेच हरकत घेतली, हा खेळू शकत नाही. आता हे ठरवणार कोण? कमिटीतले एक ज्येष्ठ शिट्टी घेऊन पुढं झाले, तर अर्धी गॅलरी त्यांच्या पेठेचं नाव घेऊन ओरडायला लागली. दुसरे झाले, तर उरलेली अर्धी. शेवटी कर्णधारांनी ठरवलं, शिट्टीशिवाय खेळू, आपापलं बघून घेऊ. मला एवढी मजा कधी आली नव्हती. पहिलाच थ्रो आला. दोघांनी चेंडूला दोन्ही बाजूंनी मिठी मारली आणि कुणी सोडेना. मग एकेक करून सगळेच तिथं जमले, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

तेवढ्यात माझी पिशवी कुणीतरी उचलली. भाई बसला. वर चेक्सचा शर्ट होता, आत काळा.

"एसटी उशिरा सुटली," तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

घोळक्यात लाडक्याच्या पेठेच्या तालमीचे वस्ताद येऊन उभे राहिले होते. वयस्कर माणूस, ज्यांच्यापुढं ती सगळी पोरं खाली मान घालतात. गलक्यात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. भाई बघत होता.

"वस्ताद त्येला इचारत्यात," तो हळूच म्हणाला. "'माझ्याकडं बघून सांग. शिवी दिलीस का?'"

"आणि तो काय म्हणतोय?"

"त्येची पाठ हाय आपल्याकडं. दिसत न्हाय."

आम्ही सगळे पंच त्याच्याकडं वळलो. वस्तादांच्या मिशा हलल्या.

"'मग काढ शर्ट,'" भाई म्हणाला. तो बोलतोय तोवर समोर लाडक्यानं शर्ट डोक्यावरून ओढायला सुरुवात केली होती. "सेक्रेटरीला म्हणत्यात, 'जा, त्या कबनूरवाल्याला बोलवून आण. पाया पडाय लागलं तर पड.'"

सेक्रेटरी आमच्याकडं निघाला. तो पोचेपर्यंत भाईनं चेक्सचा शर्ट काढून माझ्या मांडीवर ठेवला होता आणि बुटाची नाडी आवळत होता. सेक्रेटरी समोर येऊन उभा राहिला.

"आलो की," भाई म्हणाला. "चला."

त्यानं रेषा ओलांडली. मध्यभागी जाऊन चेंडू ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गॅलरीकडं वळून मला शोधलं. मी आवाज न करता, नुसत्या ओठांनी विचारलं, "भाई, इज्जत आली का?"

त्यानं पंजा आडवा धरला आणि धोट्यासारखा पुढं-मागं केला. मग शिट्टी फुंकली. पहिल्याच मिनिटाला गॅलरीतून त्याला शिवी आली. त्यानं ती बघितली आणि खेळ चालू ठेवला.