जाऊबाईंचे जंतू

"स्ट्रेप्टोमायसीन तुम्हाला लागू पडत नाही. याआधी किती सुया घेतल्या होत्या, खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. मी आयुष्यात एकही घेतली नव्हती. त्यांचा विश्वास बसेना, आणि वाद घालायला माझ्यात दम नव्हता.

मला क्षय झाला होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात रोज सुई टोचूनही संध्याकाळी ताप यायचाच. तान्ही मुलगी माहेरी, जळगाव जामोदला ठेवली होती. बेडक्यात जंतू आहेत तोवर तिला जवळ घ्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. माझा जीव तिथेच अडकला होता.

शेवटी बेडका नागपूरला कल्चरसाठी गेला. कल्चर म्हणजे जंतू बाटलीत वाढवून त्यांच्यावर औषध चालतं का ते बघणं. ते वाढतात फार सावकाश. वाट बघूनच मी थकले. उत्तर आलं रेझिस्टन्सचं, म्हणजे जंतू औषधाला सरावलेले.

मग हे आले कुठून? डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना बोलावलं. चिखलीजवळच्या आमच्या मळ्यातून थोरल्या जाऊबाई आल्या, येताना वांगी घेऊन. त्यांचा खोकला जुनाच.

"तुम्ही सुया घेतल्या होत्या?"

"हाव, घेतल्या न. पन चैतात सुई गरम पडते, नाकातून रगत येते. मिरग लागला का परत घेतो."

उन्हाळ्यात सुया सोडून पावसाळ्यात पुन्हा धरणं आमच्याकडे कुणालाच चुकीचं वाटत नसे. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दर उन्हाळ्यात अर्धमेले जंतू औषध पचवायला शिकले, आणि तेच माझ्यात आले, असं त्यांनी समजावलं.

मला जाऊबाईंचा भयंकर राग आला. त्यांचेही जंतू तसेच निघाले आणि त्यांना माझ्याच शेजारची खाट मिळाली. दुसऱ्या औषधांनी मळमळायचं, अन्न नकोसं व्हायचं. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मला उलटी झाली की भांडं धरायला त्याच उठायच्या.

पुढे माझा बेडका साफ आला, त्यांचा नाही. त्यांना देण्यासारखं औषध आता फारसं उरलं नाही, असं डॉक्टरांनी हळूच सांगितलं.

"तुहा साफ आला न? मंग बसली काऊन? जाय, पोरीले घे," जाऊबाई म्हणाल्या.

उन्हाळ्यातही सुया सोडू नका, एवढंच सांगायचं आहे. जाऊबाई गेल्या. मुलीला कडेवर घेतलं की मला त्यांचा अजून राग येतो, आणि त्यांच्यासाठी रडूही येतं.