मामाजी म्हणजे कोण?

ती घटना आठवली, की आजही मला आधी एक जेवणाचा डबा आठवतो.

मी तेव्हा ठाणेदार होतो. फुलसावंगीकडच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला. एका घरची धाकटी सून विहिरीतून काढली, दवाखान्यात नेताना गेली. पंचनाम्याच्या वेळी शेजारीण म्हणाली, "'मामाजीनं लोटलं', एवढंच बोलली साहेब. मंग डोये मिटले."

आमच्या वऱ्हाडात सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. पण सासरा ठामपणे म्हणाला, "आमच्या घरात सुना मले बाबा म्हंतात. मामाजी म्हंजे तिचा सख्खा मामा. तो आल्ता ना, भांडण करून गेला." सासू, नवरा, थोरला मुलगा, सगळ्यांनी तीच री ओढली. थोरल्या सुनेला विचारले, तर उत्तर सासूनेच दिले.

मामा खरोखरच आला होता. आईबाप नसलेली भाची त्यानेच वाढवली होती. तिला नर्सिंगला घालायचे म्हणून तो न्यायला आला आणि सासऱ्याने साफ नकार दिला. संशयित म्हणून आम्ही मामालाच ताब्यात घेतले. "मी तिले न्यायले आल्तो साहेब, मी कायले लोटन?" एवढेच तो बोलत राहिला. असे खुनीही बोलतो, निर्दोषही. ठाण्यात रडण्याला किंमत नसते.

दुसऱ्या दिवशी सासऱ्याला पुन्हा जबाबासाठी बसवले होते. दुपारी थोरली सून डबा घेऊन आली. साऱ्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती दारातून म्हणाली, "मामाजी, जेवून घ्या."

"ठेव तिकडं," तो सवयीने म्हणाला आणि मग त्याचा चेहरा उतरला. जबाब लिहिणाऱ्या जमादाराचा हात थांबला.

मेलेल्या मुलीच्या नवऱ्याला वेगळे बसवून विचारले, तेव्हा तो कोसळला. बापाने तिला लोटताना त्याने स्वतः पाहिले होते. मामा सुटला, तो भाचीचे प्रेत न्यायला.

माणूस एकच. मुलांचा बाबा, सुनांचा मामाजी, आमचा आरोपी. बोलणारा बदलला की नाव बदलते. त्या घरात सगळे आपापल्या जागेवरून बोलत होते. मेलेल्या पोरीच्या जागी उभी राहू शकणारी एकच होती, कारण तीही त्या घरची सून होती. पुढे नोकरीभर जबाब घेताना मी आधी पाहायचो, हा माणूस कुठे उभा राहून बोलतो आहे.

त्या दुपारी ठाण्याबाहेर मी तिला विचारले, "मुद्दाम म्हटलं ना, पोरी?"

पदर सावरत ती म्हणाली, "मी कुठं काय बोलली साहेब? मी तं डबा द्याले आल्ती."

ती एसटी स्टँडकडे चालू लागली. तिला त्याच घरी परत जायचे होते.